सात बाजांचा सुंभ

आमच्या गावाला नदीच्या वळणावर एक डोह आहे. त्याच्याविषयी लहानपणी ऐकलेली पहिली गोष्ट अशी, की सात बाजांचा सुंभ सोडला तरी त्याचा तळ लागत नाही. आमच्या घरातल्या नव्या मंडळींसाठी सांगते, बाज म्हणजे सुंभाने विणलेली खाट. एक बाज विणायलाच केवढा तरी सुंभ लागतो, तेव्हा सात बाजांचा किती होईल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पुढे नोकरीनिमित्त चार गावं फिरले तेव्हा कळलं, की हे वाक्य काही एकट्या आमच्या डोहाचं नाही. जिथे जिथे खोल पाणी तिथे तिथे हेच वाक्य, आणि बाजा नेमक्या सातच. सहा नाहीत की आठ नाहीत! आणि बाज उसवून सुंभ पाण्यात सोडलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही.

माझा दादा बारा वर्षांचा असताना त्या डोहात बुडी मारून वर आला तो मुठीत काळा गाळ घेऊनच. काठावर ओट्यासारखा मोठा खडक आहे, त्यावर आजोबा बसले होते. त्यांनी गाळ बघितला आणि म्हणाले, "हा कडेच्या कपारीतला. तळ तुझ्या बापालाही सापडायचा नाही." दादा म्हणाला, "तळाचाच आहे." हा वाद आमच्या घरात पुढे किती वर्षं चालला ते विचारू नका. लग्नकार्यात जेवणं उरकली की कोणीतरी मुद्दाम काडी टाकायचं आणि दादा लगेच पेटायचा.

पण आज लिहायचंय ते दुसऱ्याच एका पाण्याबद्दल. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात काँकॉर्ड नावाचं गाव आहे, तिथलं वॉल्डन तळं. तिथे हेन्री डेव्हिड थोरो झोपडी बांधून राहिला. त्याचं पुस्तक मी वाचलं ते दुर्गाबाई भागवतांमुळे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या माझ्यासारखीला मूळ इंग्रजी पेलवण्यासारखं नव्हतं. 'ऋतुचक्र' वाचून मी दुर्गाबाईंच्या इतकी प्रेमात पडले होते, की वाचनालयात त्यांचं नाव दिसेल ते पुस्तक घरी आणायचे. तसंच एकदा 'वॉल्डनकाठी विचारविहार' हाती आलं. खरं सांगायचं तर तेव्हा ते मला निम्मंच कळलं. घेवड्याच्या शेतीचा जमाखर्च आणि झोपडीला लागलेल्या फळ्या-खिळ्यांची यादी ही पानं मी चक्क उलटली. आणि त्या अर्ध्यामुर्ध्या वाचनावर पुढे तीसेक वर्षं वर्गात सांगत राहिले, की थोरो नावाचा एक मनुष्य जगाला कंटाळून अरण्यात जाऊन राहिला.

हे चूक होतं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर कृपया दुरुस्त करून घ्यावं.

एक तर ते अरण्य नव्हतं. झोपडी गावापासून जेमतेम दीड मैलावर. तळ्याच्या एका कडेने नवीकोरी आगगाडी धडधडत जायची, ती रेल्वे १८४४ मध्येच सुरू झाली होती. जमीन मित्राची, म्हणजे इमर्सनची. थोरो गावात जाई, आईकडे जेवे, लोक त्याला भेटायला येत. या गोष्टी कळल्यावर हल्ली काही जण त्याला ढोंगी ठरवून मोकळे होतात. आई धुणं धुऊन देत होती म्हणे, मग कसला आलाय एकांत! मला हेही पटत नाही. तो तिथे संन्यास घ्यायला गेलेला नव्हताच. कशाला गेला होता हे समजायला तीन-चार वर्षं मागे जावं लागतं, आणि ते मला फार उशिरा समजलं.

थोरो मुळात शिक्षक. १८३७ मध्ये हार्वर्डमधून बाहेर पडला आणि आपल्याच गावच्या शाळेत लागला. दोनेक आठवडे झाले असतील, शाळा समितीचे एक गृहस्थ पाहणीला आले. छडीशिवाय वर्ग चालवताय, हे बरोबर नाही, अशी समज त्यांनी त्याला दिली. त्याने काय करावं? काही मुलांना उभं करून छड्या मारल्या आणि नोकरीचा राजीनामा दिला. (ज्या मुलांना छड्या बसल्या त्यांना हे तत्त्व कितपत समजलं असेल, ही शंका मला शिक्षिका म्हणून येतेच.) मग त्याने आणि त्याच्या थोरल्या भावाने, जॉनने, मिळून स्वतःची शाळा चालवली. तिथे छडी नव्हती. मुलांना घेऊन दोघे रानात जात, नदीवर जात, झाडं-पाखरं दाखवत. १८३९ च्या उन्हाळ्याच्या शेवटी दोघा भावांनी घरी बांधलेल्या होडीतून काँकॉर्ड आणि मेरिमॅक या नद्यांवर दोन आठवड्यांची सफर केली. जॉन हसरा आणि माणसांत रमणारा, गावाचा लाडका. हेन्री जरा काटेरी. जॉनची प्रकृती बिघडली म्हणून १८४१ मध्ये शाळा बंद झाली.

१ जानेवारी १८४२ ला वस्तरा पाजळताना जॉनचं बोट कापलं. जखम इतकी किरकोळ, की त्याने नुसती पट्टी बांधली. तिचा धनुर्वात झाला. ११ जानेवारीला त्याने हेन्रीच्या हातांत प्राण सोडला. धनुर्वातावरची लस तेव्हा नव्हती, तिला अजून ऐंशी वर्षं अवकाश होता. पण खरी चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. दहा-बारा दिवसांनी हेन्रीचा जबडा धरला, अंग ताठलं. सगळी लक्षणं धनुर्वाताची, आणि अंगावर जखम कुठेच नाही! घरच्यांनी आशा सोडली होती. तो वाचला. मात्र रोज रोजनिशी लिहिणारा हा माणूस पुढे कित्येक आठवडे एक ओळही लिहू शकला नाही. त्याच महिन्याच्या शेवटी इमर्सनचा पाच वर्षांचा मुलगा लाल तापाने गेला. एकाच गावात, एकाच महिन्यात.

थोरो ४ जुलै १८४५ रोजी वॉल्डनकाठी राहायला गेला तो लिहायला. आणि काय लिहायला, तर जॉनबरोबरच्या त्या होडीच्या सफरीचं पुस्तक! त्या पुस्तकात भाऊ पानोपानी सोबत आहे, पण त्याचं नाव कुठेही घेतलेलं नाही.

माझा दादा २०११ च्या जूनमध्ये गेला. आजारपण लांबलेलं नव्हतं, त्यामुळे मनाची तयारीही नव्हती. त्या पावसाळ्यात मला काही सुचत नसे. पोथी वाचायला घेतली तर डोळे नुसते ओळींवरून फिरत. वहिनी म्हणाली, गावाकडे चला. गेले. डोहाला पूर आलेला, लाल पाणी, काठावर उभंही राहवेना. तिथेच घरातल्या फडताळात दादाच्या पुस्तकांत 'वॉल्डनकाठी विचारविहार' सापडलं. मीच कधीतरी दिलं असणार, आता आठवत नाही. त्या वेळी मी ते पहिल्यांदा धड वाचलं. जमाखर्चाची पानंसुद्धा. झोपडीचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. ज्या पानांना मी पूर्वी हसले होते, ती वाचताना वाटलं, याला मोजायला काहीतरी हवं होतं.

आणि मग ते तळ्याचं प्रकरण आलं.

वॉल्डन तळ्याला तळ नाही, अशी काँकॉर्डच्या लोकांची पक्की समजूत होती! काहींच्या मते ते पृथ्वीच्या आरपार पलीकडे निघत होतं. मी पुस्तक मिटून वहिनीला हाक मारली आणि म्हटलं, अगं, यांच्याकडेही सात बाजांचा सुंभ आहे. महिन्याभरात त्या घरात आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो असू.

थोरोने काय केलं, तर १८४६ च्या आरंभी, तळं गोठलेलं असताना, होकायंत्र, साखळी आणि मासेमारीची दोरी घेऊन बर्फावर गेला. दोरीला दीड पौंडाचा, म्हणजे पाऊण किलोहून थोडा हलका, दगड बांधला. बर्फाला भोकं पाडून शंभराहून जास्त ठिकाणी खोली मोजली. दगड तळाला टेकला की वर खेचताना हाताला नेमकं कळतं, कारण त्याच्याखाली पाणी शिरेपर्यंत तो जड लागतो, असं त्याचं निरीक्षण. सगळ्यात खोल जागा निघाली १०२ फूट. साधारण दहा मजली इमारत बुडेल एवढी. नंतरच्या काळातल्या मोजण्यांतही आकडा जवळपास तोच आला. त्याने तळ्याचा नकाशा काढला, तो पुस्तकात छापला, आणि नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं तर सगळ्यात लांब रेघ आणि सगळ्यात रुंद रेघ जिथे एकमेकींना छेदतात, तिथेच सर्वांत खोल जागा. या गोष्टीचा त्याला झालेला आनंद लहान मुलासारखा आहे. पुढे त्याने पोट भरलं तेही जमीनमोजणी करूनच, आणि घरचा धंदा होता पेन्सिली बनवण्याचा. मोजणारी आणि आखणारी जात!

हे सौंदर्य टिपणाऱ्या माणसाचं लक्षण नव्हे, असं कोणी म्हणेल. मला उलट वाटतं. तळ्याचा निळा-हिरवा रंग टेकडीवरून कसा दिसतो, होडीतून कसा दिसतो, यावर त्याने जेवढं लिहिलंय तेवढं क्वचितच कोणी एका पाण्याबद्दल लिहिलं असेल. पण नुसतं पाहून त्याचं भागत नव्हतं. अथांग म्हटलं की पाणी सुंदर वाटतं खरं, पण मग आपण काठावरच थांबतो. त्या पावसाळ्यात मी काठावर थांबलेली होते, म्हणून मला ते लागलं असेल.

आता थोडं विषयांतर, पण ते आपल्या देशाचं आहे म्हणून सांगते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डनवर शंभर मजूर आले आणि करवती चालवून तळ्याचा बर्फ कापू लागले. त्या काळी बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर जहाजांनी हिंदुस्थानात बर्फ पाठवत असे. १८३३ मध्ये कलकत्त्याला पहिली खेप आली. निघताना १८० टन होती, चार महिन्यांचा प्रवास करून पोहोचली तेव्हा सुमारे १०० टन उरली होती, तीही लाकडाच्या भुशात गुंडाळून. मग मुंबई आणि मद्रास इथेही बर्फाच्या कोठ्या झाल्या. मद्रासची कोठी अजून समुद्रकिनारी उभी आहे. १८९७ मध्ये विवेकानंद परदेशातून परतले तेव्हा तिथेच उतरले होते, आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

तर थोरो त्या वेळी तळ्याकाठी भगवद्गीता वाचत होता, चार्ल्स विल्किन्सने १७८५ मध्ये केलेलं इंग्रजी भाषांतर. इकडे सकाळी गीता आणि तिकडे डोळ्यांसमोर हिंदुस्थानच्या वाटेला लागणारा बर्फ. वॉल्डनचं पाणी गंगेच्या पाण्यात मिसळणार, अशी कल्पना त्याने पुस्तकात रंगवली आहे. ती फार प्रसिद्ध आहे, भारतीय वाचकाला गुदगुल्या करणारीही आहे. मात्र त्याच पुस्तकात त्याने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलंय, की त्या हिवाळ्यात काठावर रचलेला अंदाजे दहा हजार टनांचा ढीग बराचसा तसाच पडून राहिला. वर गवत आणि फळ्या टाकल्या होत्या. पुढच्या जुलैत थोडा उचलला, उरलेला पडूनच. तो पुरता वितळला सप्टेंबर १८४८ मध्ये, आणि बहुतेक पाणी तळ्यात परत गेलं. म्हणजे गंगेला फारसं काही पोहोचलं नाही! गंगेची कल्पना सगळे सांगतात, ही दुसरी नोंद कोणी सांगत नाही. मला दोन्ही मिळूनच थोरो वाटतो.

पुस्तकं मात्र उलट दिशेने पोहोचली. १८५५ मध्ये टॉमस चोल्मंडली या इंग्रज मित्राने त्याला ४४ ग्रंथांची पेटी पाठवली. वेद, उपनिषदं, पुराणं अशा आपल्याकडच्या ग्रंथांची भाषांतरं होती त्यांत. पेटी येणार हे कळल्यावर थोरोने नदीतून वाहत आलेली लाकडं गोळा करून त्यांचं कपाट केलं. पुराच्या लाकडांत उपनिषदं! त्याआधी १८५३ मध्ये दुसरीही एक पेटी त्याच्याकडे आली होती, ती अशी आनंदाची नव्हती. जॉनबरोबरच्या सफरीचं ते पुस्तक १८४९ मध्ये स्वतःच्या जोखमीवर छापलं होतं, हजार प्रती. प्रकाशकाने ७०६ परत पाठवल्या. त्या त्याने पाठीवरून माडीवर चढवल्या आणि स्वतःच्याच ग्रंथसंग्रहाबद्दल विनोद केला. 'वॉल्डन' त्यानंतर आलं, १८५४ मध्ये, सात वेळा पुन्हा पुन्हा लिहून. (परत सात!)

दुर्गाबाईंना हा माणूस का भावला असेल, याचा मी बरेचदा विचार करते. तरुणपणी मध्य प्रांतातल्या आदिवासींमध्ये संशोधनासाठी हिंडताना त्यांना विषबाधा झाली आणि कित्येक वर्षं अंथरुणावर काढावी लागली. हिंडणाऱ्या बाईला पडून राहणं म्हणजे काय, कल्पना करा. पीएच.डी. राहूनच गेली. 'ऋतुचक्र' १९५६ चं, त्या आजारपणानंतरचं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेक महिना. त्यात हिमालय नाही की काश्मीर नाही. कुंपणातलं, रस्त्याकडेचं, डोळ्यांसमोरचं झाड आज कोणत्या रंगाचं आहे एवढंच आहे, पण त्यात पुराणं, लोककथा, कालिदास सगळे येऊन बसतात. एशियाटिकच्या ग्रंथालयात जन्म घालवलेल्या बाईचं वाचन त्या झाडावर पडलेलं दिसतं. पुस्तक आणि झाड यांत त्यांना निवड करावी लागली नाही, थोरोलाही नाही.

आणि दोघांनाही तुरुंग चुकला नाही. गुलामगिरी चालू देणाऱ्या आणि मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या सरकारला कर देणार नाही, म्हणून थोरोला जुलै १८४६ मध्ये एक रात्र कोठडीत काढावी लागली. वॉल्डनला राहत असतानाच, चांभाराकडे दिलेला बूट आणायला गावात गेला तेव्हा. दुसऱ्या दिवशी कोणीतरी परस्पर कर भरला, तो सुटला, बूट घेतला आणि अर्ध्या तासात मंडळींना घेऊन टेकडीवर रानफळं वेचायला गेला. त्या रात्रीतून जो निबंध झाला तो गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला आणि १९०७ मध्ये 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्याचा सारांश दिला. दुर्गाबाई १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. आणीबाणी होती, व्यासपीठावर स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. त्यांच्या देखत बाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. मी तेव्हा नोकरीत नवीन होते. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याविषयी कोणी बोललं की सगळे दाराकडे बघायचे, मीही बघायचे. ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नाही.

थोरो ६ मे १८६२ रोजी क्षयाने गेला, चव्वेचाळीस वर्षांचा. दुर्गाबाई ७ मे २००२ रोजी, ब्याण्णव वर्षांच्या. त्याने आयुष्याच्या शेवटच्या दशकात काँकॉर्डमधली कोणती वनस्पती कोणत्या तारखेला फुलली याचे तक्तेच्या तक्ते भरून ठेवले होते. त्या तक्त्यांचं करायचं काय, हे कित्येक वर्षं कोणाला कळत नव्हतं. मग बोस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे सहकारी तेच तक्ते घेऊन त्याच रानात हिंडले. २००८ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की वसंतातल्या ४३ वनस्पती थोरोच्या काळापेक्षा सरासरी सात दिवस आधी फुलू लागल्या आहेत, आणि त्याने पाहिलेल्या जातींपैकी सुमारे २७ टक्के तिथून नाहीशा झाल्या आहेत. दीडशे वर्षांनी हवामानबदलाचा पुरावा म्हणून उभी राहिलेली ही वही एका छडी न मारणाऱ्या मास्तरची! आपल्याकडे 'ऋतुचक्र' हातात घेऊन कोणी असं हिंडावं, असं मला फार वाटतं. तारखा नसतील त्यात, पण महिने आहेत.

दादाची मुलगी नोकरीनिमित्त बोस्टनजवळ असते. मागच्या उन्हाळ्यात ती वॉल्डनला जाऊन आली. फोनवर म्हणाली, "आत्या, गर्दी बघ नुसती, पार्किंग मिळायची मारामार. लोक चक्क पोहतायत." मग फोन पाण्याकडे वळवून म्हणाली, "आपल्या डोहाएवढं खोल असेल का गं?" मी म्हटलं, "१०२ फूट." ती म्हणाली, "आणि आपला?"

यावर मला उत्तर देता आलं नाही. सत्तरी उलटली, आणि काय सांगू, सात बाजा?

यंदा मे महिन्यात गावी गेले तेव्हा भाच्याला कामाला लावलं. सुंभ हल्ली बघायला मिळत नाही, गोठ्यातली नायलॉनची दोरी घेतली, तिला पाट्याचा तुटका तुकडा बांधला आणि हातहातभर अंतरावर लाल चिंध्या. ट्रॅक्टरच्या चाकाच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून तो डोहात गेला. मी आजोबांच्या खडकावर वही घेऊन बसले आणि वहिनी छत्री धरून. भाच्याने नऊ ठिकाणी दोरी सोडली. सगळ्यात जास्त भरली ती मधोमध, वडाच्या रेषेत, एकोणीस फूट आणि वर चार बोटं. वरच्या अंगाला धरण झाल्यापासून गाळ साचत आलाय, पूर्वी याहून खोल असेल. पण एका बाजेच्या सुंभातही पुष्कळ उरला असता.

भाच्याने दोरी वर ओढली आणि पाट्याचा तुकडा मला दाखवायला काठाशी आणला. त्याच्या खालच्या अंगाला काळा गाळ चिकटून आला होता. मी बोटाने थोडा काढला. वहिनीने हात पुढे केला, तिलाही दिला.